सत्कार करायचाय तर संघटनेचा करा, एकट्या नेत्याचा नको

शिरपूर-चोपड्याकडच्या तुम्ही पोरांनी विचारलंय की मंडळाकडे वर्गणी जमलीय, गणपतीत डीजेवर उडवण्यापेक्षा यंदा कामगारांसाठी, सरकारी शाळा टिकाव्यात म्हणून आणि गरिबाला त्याच्या घामाचा वाटा मिळावा म्हणून झटणाऱ्या संघटनांचा सत्कार करायचाय, तर निवड कशी करायची, द्यायचं काय, पाहुणा कोण बोलवायचा आणि एक मे ही तारीख बरोबर आहे का. विचार लई चांगला आहे भाऊ. मी जिल्हा परिषद शाळेत नोकरी केली, शिक्षक संघटनेत आणि नंतर हमाल, अंगणवाडीवाल्या बाया यांच्या सोबत बरीच वर्षं काढली, अशा निवड समित्यांवरही बसलो, त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितो. लांबेल जरा, पण एकदा नीट वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरच ठरतं. सत्कार संघटनेचा करा, एका माणसाचा नको. आपल्याकडे होतं काय, संघटनेचं नाव पत्रिकेत छापतात आणि मंचावर बोलावतात एकट्या अध्यक्षाला. शाल त्याला, फोटो त्याचा, दुसऱ्या दिवशी पेपरात नावही त्याचंच. आणि ज्या बाया कलेक्टर कचेरीसमोर मे महिन्याच्या उन्हात सतरंजी टाकून बसल्या होत्या, ज्यांनी तेवढ्या दिवसांचा रोज बुडवला, ज्यांच्या घरी सासू बोलली, नवरा बोलला, त्या मांडवात मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. नेता वाईट असतो असं मी म्हणत नाही, बरेचसे नेते घरदार विसरून काम करणारे असतात. पण संघटना एकट्याच्या नावावर चढली की तो आजारी पडला, पक्षात गेला किंवा थकला की ती बसते. गावाने सगळ्यांचा मान केला तर पुढच्या फळीतल्या माणसालाही वाटतं की हे आपलं आहे.

दुसरं, सत्कार आणि हक्क यांची अदलाबदल होऊ देऊ नका. मे २०२२ मधे जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा कार्यकर्तींचा जागतिक पातळीवरचा पुरस्कार देऊन गौरव केला, दहा लाखांवर बायांचा एकत्र गौरव, कोरोनात त्यांनी जे केलं त्याच्यासाठी. आपल्या खान्देशातल्या आशाताईंनाही तो अभिमान वाटला आणि वाटायलाच पाहिजे, धडगावच्या पाड्यांवर पायी चढून जाणाऱ्या बाईला जगाने हात जोडले ही छोटी गोष्ट नाही. पण कागदोपत्री त्या तेव्हाही स्वयंसेविकाच होत्या, कामावर मोबदला घेणाऱ्या, पगार नाही, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबर २०२३ मधे महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. म्हणून तुमच्या कार्यक्रमात ज्या संघटनेचा सत्कार कराल तिची चालू मागणी काय आहे ती मंचावरून वाचली गेलीच पाहिजे. ज्यांना हे अवघड वाटतं ते म्हणतील आजच्या आनंदाच्या दिवशी हा विषय नको, त्यांचं ऐकू नका. मागणी वगळून सत्कार केला तर फक्त कौतुक उरतं, आणि कौतुकावर किराणा मिळत नाही.

आता कोणाचा करायचा. तुमच्या मनात बहुतेक मोठ्या, नावाजलेल्या संघटना असतील, पेपरात येणाऱ्या. त्यांचा करा, पण जरा खाली बघा. बाजार समितीतले हमाल-मापाडी, कापसाच्या जिनिंगमधे रात्रपाळी करणारे, सावदा-रावेर-फैजपूर पट्ट्यात केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रक भरणारे मजूर, भुसावळला कंत्राटदाराकडे लागलेले सफाईवाले, धुळ्याचे यंत्रमागवाले, शहादा-तळोद्याकडून दिवाळीनंतर कोयते घेऊन गुजरातच्या कारखान्यांवर जाणारी कुटुंबं, धुणीभांडी करणाऱ्या बाया, बांधकामावरचे गवंडी आणि त्यांच्या हाताखालचे. यातल्या पुष्कळांच्या संघटनेला धड ऑफिसही नसतं, कुणाच्या तरी ओट्यावर बैठक होते.

नंदुरबारची मिरची सगळ्यांना माहीत आहे, मिरची वाळवायच्या लाल पथाऱ्यांचे फोटो दरवर्षी व्हायरल होतात. त्या पथारीवर मिरची खुडणाऱ्या बाईजवळ कधी बसून पहा. देठ खुडून खुडून बोटांची आग होते ती घरी गेल्यावरही जात नाही, पीठ मळताना होते, लेकराच्या तोंडाला हात लावायचीही चोरी, डोळ्याला चुकून बोट लागलं तर रात्र जाते. तोंडाला ओढणी बांधलेली, खोकला चालू, आणि हिशोब किलोवर. अशा ठिकाणी चार बाया एकत्र येऊन म्हणाल्या की वजनकाटा आमच्यासमोर करा आणि प्यायचं पाणी ठेवा, तर ती माझ्या हिशोबाने पूर्ण संघटना आहे, तिला लेटरहेड नसलं तरी. नोंदणीचा आग्रह म्हणून फार धरू नका. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली सात जणांचे अर्ज लागायचे, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर तर त्या धंद्यातले किंवा कारखान्यातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, जे कमी असेल तेवढे, सभासद दाखवावे लागायचे. आज या शेतात आणि उद्या त्या शेतात जाणाऱ्या मजुराला हे जमणं किती कठीण आहे तुम्हीच विचार करा.

आपल्या भागाला या कामाची परंपरा आहे हे पण कार्यक्रमात आलं पाहिजे, नाहीतर पोरांना वाटतं हे सगळं मुंबई-पुण्याहून आलं. फैजपूरला डिसेंबर १९३६ मधे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात झालेलं पहिलं, हे शाळेत सगळे शिकतात. पण तिथे जो शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला त्यात सारा आणि कुळाकडून घेतला जाणारा खंड कमी करा, कर्जाचा बोजा कमी करा याच्यासोबत शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळाली पाहिजे आणि शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या, हेही होतं, ते कोणी सांगत नाही. हे ठराव आपल्या केळीच्या गावात झाले. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमधे शिक्षक होते ते आपल्याला पाठ आहे, पण त्याच अमळनेरात ते गिरणी कामगारांच्या बाजूनेही उभे राहिले, साप्ताहिक काढलं, शेतकऱ्यांच्या साऱ्यासाठी लढले. शिक्षण आणि मजुरी ही दोन खाती त्यांनी कधी वेगळी ठेवलीच नाहीत. तुम्ही सत्काराचे तीन विभाग पाडणार म्हणताय, कामगार, शिक्षण, आर्थिक न्याय, ते पाडा सोयीसाठी, पण गावात गेलं की दिसेल एकच बाई तिन्ही ठिकाणी आहे.

शहाद्याचं तर विसरूच नका. अंबरसिंग महाराज म्हणजे अंबरसिंग सुरतवंती, भिल्ल समाजातला माणूस, सर्वोदयी वळणाचा, त्यांनी सावकार आणि मोठ्या जमीनदारांकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न उचलला. १९७२ मधे श्रमिक संघटना उभी राहिली, सालदारांची म्हणजे मालकाकडे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांची मजुरी, रोजगार हमीची कामं, गेलेल्या जमिनी यांच्यावर लढे झाले, आणि बाया पुढे होऊन दारूच्या भट्ट्या फोडायला लागल्या. महाराज १९७४ मधे गेले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा त्याच वर्षीचा, १९७४ चा. कायदा मुंबईत झाला पण तो विषय ज्या भागांनी पेटता ठेवला त्यात शहादा-तळोदा होतं. तसंच रोजगार हमीचं, १९७२ च्या दुष्काळात गावोगावचे लोक कामासाठी रस्त्यावर आले, त्यातून ती योजना राज्यभर पसरली, १९७७ मधे महाराष्ट्राने कायदा केला आणि केंद्राचा कायदा त्याच्या कितीतरी नंतर २००५ ला आला. आणि धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील, जातीचा आणि वर्गाचा प्रश्न एकत्र मांडणारे, त्यांच्या वळणाच्या सत्यशोधक संघटना आजही साक्री, नवापूरकडे वनजमिनीच्या दाव्यांवर काम करताना दिसतात.

सालदाराचा विषय आलाच तर दोन शब्द. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला साल फिरतं, सालाचा आकडा ठरतो, उचल दिली जाते. झोके, गौराईची गाणी, पोरी माहेरी आलेल्या, आणि त्याच दिवसात एका घरात बाप नि मालक ओट्यावर बसून वर्षभराचं आयुष्य ठरवत असतात. सालदार एकटा बसला तर मालक म्हणेल तो आकडा, गावातले सगळे सालदार आधी बसून एक आकडा ठरवून गेले तर गोष्ट वेगळी. ज्या गावात असं एकदा तरी घडलंय त्या गावचा सत्कार करा, मला तर वाटतं तोच सगळ्यात मोठा धरावा. कारण तिथे मालक आणि मजूर एकाच गल्लीत राहतात, एकाच विहिरीवर जातात, लग्नात जेवायला एकमेकांकडे असतात, तिथे तोंड उघडणं शहरातल्या मोर्चापेक्षा अवघड आहे.

निवड कशी करायची तर अर्ज मागवू नका. अर्ज मागवले की ज्यांना लिहिता येतं आणि ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांचेच येतात, सुंदर स्पायरल बायंडिंग केलेली फाईल येते आणि समिती तिथेच भुलते. तुम्ही तरुण आहात, मोटरसायकली आहेत, फिरा. ज्या संघटनेचं नाव निघालं तिच्या गावी जा, आधी फोन न करता गेलात तर उत्तम, आणि नेत्याला न भेटता तीन-चार सभासदांना वेगवेगळं भेटा. विचारायचं साधं: संघटना नव्हती तेव्हा रोज किती होता, आता किती आहे? मागची बैठक कधी झाली, कोण काय बोललं? वर्गणी किती देता, पावती मिळते का? पैशाचा हिशोब शेवटी कधी वाचून दाखवला? संघटनेत तुमचं न पटणारं काही झालं का, तेव्हा तुम्ही काय केलं? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. जिथे बाई म्हणते की हो आमचं भांडण झालं होतं, अमुक गोष्टीवरून, आणि मग बैठकीत बदललं, तिथे संघटना जिवंत आहे. जिथे सगळे एका सुरात दादा म्हणतील तसं म्हणतात तिथे थोडं थांबा.

मग वही मागा. ठरावाची वही असते, शंभर पानी, कव्हर फाटलेलं, कडेला चहाचे डाग, मधेच कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेला. तिच्यात तारीख, हजर असलेल्यांची नावं, सह्या आणि अंगठे. अंगठे पहा, ते महत्त्वाचे. एखाद्या वहीत सुरुवातीला सगळे अंगठे आणि पुढे हळूहळू वाकड्यातिकड्या सह्या यायला लागतात, तेव्हा समजायचं की या लोकांनी मजुरीसोबत आणखी काहीतरी कमावलंय. पावतीपुस्तकाची स्थळप्रतही बघा, पाच रुपये दहा रुपये अशा पावत्या सलग फाटलेल्या असल्या तर ती संघटना सभासदांच्या पैशावर चालते. बाहेरचा मोठा पैसा आला म्हणून संघटना खोटी ठरत नाही, पण आपल्या माणसांकडून दहा रुपये गोळा करणं बंद झालं की त्या माणसांना विचारणंही बंद होतं, हे मी कित्येकदा पाहिलंय.

हमालांचं उदाहरण देतो कारण त्यातून संघटना काय करू शकते ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. पुण्यात बाबा आढावांनी १९५५ मधे हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं आणि त्या दबावातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याआधी हमालाचा मालक कोण हेच ठरत नव्हतं, आज या आडत्याची गोणी, दोन तासांनी दुसऱ्याची, मग पीएफ कोण देणार, पाय मोडला तर दवाखाना कोणाचा? कायद्याने माथाडी मंडळ मधे आणलं, मालक आणि हमाल दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळात जमा होणार आणि तिच्यावर लेव्ही म्हणून वरचे टक्के, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना. कुठल्याही एकट्या हमालाला हे सुचलं असतं तरी मिळालं नसतं. आता आपल्या तालुक्याच्या बाजारात नोंद किती हमालांची झालीय आणि किती जण अजूनही तसेच आहेत, ते शोधा, सत्काराच्या निमित्ताने तेवढं जरी तुम्ही केलं तरी तुमच्या गणेश मंडळाचं वर्ष कारणी लागलं.

शिक्षणाचं वेगळं लिहितो कारण तिथे निवड जास्त चुकते. आपण आदर्श शाळा म्हणून सत्कार करतो, म्हणजे रंगवलेल्या भिंती, डिजिटल बोर्ड, देणगीदारांची पाटी. त्या शाळांचं कौतुक आहेच. पण तुमचा विषय सार्वजनिक शिक्षणासाठी भांडणाऱ्यांचा आहे. १८८२ मधे जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा मुद्दा हाच होता की सरकारला महसूल रयतेच्या कष्टातून मिळतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्यांवर होतो, प्राथमिक शिक्षण सगळ्यांना सक्तीचं करा. ते व्हायला आपल्याला २००९ चा शिक्षण हक्क कायदा उजाडावा लागला, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि एकूण निम्म्या बाया. कागदावर ही समिती गावागावात आहे. बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापक घरोघर फिरून सह्या घेतो आणि संपलं. पण काही गावांमधे ती खरोखर बसते, शिक्षकाची रिकामी जागा भरा म्हणून पंचायत समितीत जाऊन बसते, पोषण आहाराची खिचडी चाखून बघते, ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांना सांगते की पोरगं गावातच आजीकडे ठेवा, आम्ही बघतो. अशी समिती सापडली तर डोक्यावर घ्या तिला.

शाळा बंद होण्याचा प्रश्न आपल्या डोंगरी भागात सगळ्यात जास्त झोंबतो. २०१७ मधे सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळेत मुलं हलवायचं ठरवलं, २०२३ मधे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विषय आला. नकाशावर दोन-तीन किलोमीटर काहीच नाही वाटत. सातपुड्यात मधे नाला असतो, पावसाळ्यात चार महिने नाला म्हणजे नाला, पहिलीतलं लेकरू कसं जाणार? आणि पोरगी असली तर घरातच राहते, तिच्या मागे लहान भावंडं सांभाळायला असतातच. कायद्याच्या नियमात पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितलीय ती उगाच नाही. शाळा वाचवायला ज्या पाड्यांनी ग्रामसभेचा ठराव केला, मोर्चा नेला, त्यांची नावं शोधा. शहरातलं उदाहरण हवं असेल तर २०२४ चं आहे, खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट, असा नियम फेब्रुवारीत राज्याने काढला. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि जुलैत तो नियमच रद्द केला, पुढे सुप्रीम कोर्टातही तो टिकला नाही. गरिबाच्या पोराची जागा वाचली ती अशी.

आणि नर्मदाकाठच्या जीवनशाळा. अक्कलकुवा, धडगावच्या बुडीत गावांमधे सरकारी शाळा कागदावर होत्या पण गुरुजी येतच नव्हते, तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनातल्या गावांनी स्वतः शाळा बांधल्या, लाकूड-बांबूच्या, गावातलाच शिकलेला पोरगा गुरुजी, सुरुवात पोरांच्या आपल्या बोलीत आणि मग मराठी. लढाई-पढाई साथ साथ ही त्यांची घोषणा. सरदार सरोवराचं पाणी चढलं तशा काही शाळा बुडाल्या, लोकांनी वर नेऊन पुन्हा बांधल्या. धरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, शाळा बुडाल्यावर ती परत वरच्या टेकडीवर बांधणाऱ्या गावाला मान द्यायला कोणाची हरकत असू नये.

शिक्षक संघटनांचा सत्कार करावा का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत आहे की फक्त बदल्या, पेन्शन, वेतनश्रेणी यांच्यावर काम करणारी संघटना असेल तर ती कामगार संघटना म्हणून जरूर धरा, शिक्षकही कामगारच आहे आणि कंत्राटी, तासिका तत्त्वावरच्या पोरांचे हाल तर विचारू नका. पण सार्वजनिक शिक्षणाच्या विभागात तिला घ्यायचं असेल तर तिने पोरांसाठी काय मागितलं ते बघा.

अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या संघटना दोन्हीकडे बसतात. १९७५ पासून ही योजना चालू आहे, आणि एप्रिल २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, तेही गुजरातमधल्या बायांनी भांडून कोर्टात टिकवलेलं प्रकरण होतं. डिसेंबर २०२३ मधे महाराष्ट्रातल्या अंगणवाड्या संपावर होत्या तेव्हा गावातल्या काही लोकांनी त्यांना नावं ठेवली की लेकरांचा आहार बंद केला. ज्या गावांनी उलट त्यांच्या मागण्यांवर सह्या दिल्या त्या गावांचीही दखल घ्या. आधार देणाऱ्यांचा सत्कार आपण करतच नाही.

आता द्यायचं काय. शाल-श्रीफळ द्या, ते आपलं रीतीचं आहे, म्हाताऱ्या माणसाला त्याचं अप्रूप असतं, मी ते बंद करा म्हणणार नाही. पण मुख्य रक्कम संघटनेच्या खात्यावर द्या, खातं नसेल तर दोन-तीन सभासदांच्या सहीने पावती घेऊन. आणि विचारून द्या की तुम्हाला कशाची नड आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांना हायकोर्टाचं काम पडलं की औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं, कामगार खात्याच्या वरच्या अपिलाला नाशिक. तारखेला चार बाया गेल्या तर गाडीभाडं, जेवण, वर दिवसाचा रोज बुडाला, आणि तारीख पुढे गेली तर सगळं परत. पुष्कळ प्रकरणं न्याय मिळाला नाही म्हणून संपत नाहीत, भाड्याला पैसे नाहीत म्हणून संपतात. तुमच्या मंडळाने एका संघटनेला वर्षभराचं तारखांचं गाडीभाडं उचललं तर त्यापेक्षा मोठं सन्मानचिन्ह मला तरी माहीत नाही. कोणाला झेरॉक्सचा खर्च नडतो, कोणाला मोर्चाला माईकचा सेट, कोणाला कायद्याची मराठी पुस्तकं, कोणाला बैठकीला एक खोली.

मानपत्र मात्र स्वतः लिहा, छापखान्यात तयार असतात ती थोर, निःस्वार्थ, दीपस्तंभ छापाची उचलू नका. विशेषणं काढा आणि घडलेलं लिहा. म्हणजे असं काहीतरी: "तुमच्या गावात निंदणीला बाईचा रोज पुरुषाच्या निम्मा होता. तुम्ही गल्लीगल्लीतून बाया गोळा केल्या, ऐन हंगामात आठवडाभर कोणी शेतात गेली नाही, उसनवारीवर घरं चालवली, आणि नवा रोज ठरवूनच कामावर गेलात. आमच्या आया-बहिणींना तो रोज आज मिळतो तो तुमच्यामुळे, म्हणून हा मान." खाली सभासदांची सगळी नावं छापा, दोनशे असली तर दोनशे, बारीक टाईपात का होईना. फ्रेम केलेल्या कागदावर आपलं नाव छापलेलं पाहून बाई ते घरी लेकीला बोट ठेवून दाखवते, आणि असं मानपत्र माळ्यावर जात नाही, भिंतीवर राहतं. वाचायला सूत्रसंचालक नको, सभासदच वाचतील, अहिराणीत, पावरीत, भिलोरीत, ज्यांची जी बोली असेल तिच्यात. मनोगताला पाहुण्यापेक्षा जास्त वेळ त्यांना द्या.

पाहुणा म्हणाल तर आमदार-मंत्री नको. ते वाईट आहेत म्हणून नाही, ते आले की कार्यक्रम त्यांचा होतो, ते दोन तास उशिरा येतात आणि पोरंबाळं घेऊन आलेल्या बाया ताटकळतात. मागच्या पिढीतला एखादा जुना गिरणी कामगार, निवृत्त अंगणवाडी सेविका, पहिल्या मोर्चात असलेली आजी, यांच्या हातून मान द्या. आणि प्रायोजक घेताना डोळे उघडे ठेवा. मी एका कार्यक्रमाला गेलो होतो, गाव सांगत नाही, तिथे मागच्या बॅनरवर ज्या जिनिंगचं नाव मोठ्या अक्षरात होतं त्याच जिनिंगकडे सत्काराला आलेल्या बायांची मजुरी थकलेली होती. बाया मंचावर चढल्याच नाहीत, खाली उभ्या राहिल्या. आयोजकांना कारण कळायलाही वेळ लागला. तेव्हा बॅनरवर कुणाचं नाव येणार ते आधी संघटनेला दाखवा, त्यांनी नाही म्हटलं तर ते पैसे सोडा. कमी खर्चात करा, वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी एवढं गावजेवण पुरे, मंच छोटा चालेल.

तारखेचं. एक मे ला कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन दोन्ही, अर्थ चांगला लागतो, शिवाय ऊसतोडीवरून बहुतेक कुटुंबं तोवर परतलेली असतात. पण आपल्याकडे तेव्हा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि लग्नं असतात, म्हणून करायचं तर संध्याकाळी सहानंतर, सकाळी अजिबात नको. रोजंदारीवाल्याला दिवसा बोलावलं तर त्याचा रोज आणि जाण्यायेण्याचं भाडं मंडळाने द्यायचं, हे आमंत्रणातच सांगा म्हणजे त्याला संकोच होत नाही. बायांसाठी परतीची गाडी ठरवा, शेवटची एसटी गेली की पाड्यावर जाणं कठीण. दुसऱ्या तारखा पण विचारात घ्या, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, शिक्षणाच्या विभागाला चपखल. २४ डिसेंबर साने गुरुजींची जयंती, पण तेव्हा ऊसतोडवाले बाहेर असतात. १० जून पण मला आवडते, नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी लढून मिळवलेली रविवारची सुट्टी १० जून १८९० पासूनची, ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते, आज आपण सगळेच रविवार भोगतो आणि त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. मात्र तेव्हा पाऊस लागला तर पेरणीच्या गडबडीत कोणी येणार नाही.

एखादी संघटना सत्कार नको म्हणेल. होतं असं. त्यांना भीती असते की फोटो आला तर मालक कामावरून काढेल, किंवा मागच्या वेळी कोणी सत्कार करून नंतर मतं मागायला आलेलं असतं. जबरदस्ती करू नका, नाव छापू नका, गुपचूप मदत पोचवा, आणि वर्षभर जात रहा. विश्वास बसला की पुढच्या वर्षी तेच बोलावतील.

पहिल्या वर्षी तीनच संघटना घ्या, प्रत्येक विभागात एक, त्यातली निदान एक आदिवासी भागातली आणि निदान एक पूर्ण बायांची. निवड झाली की कार्यक्रमाच्या महिनाभर आधी त्यांच्याच गावात जाऊन एक बैठक घ्या आणि चालू मागणीचा कागद त्यांच्याकडून लिहून घ्या. कार्यक्रमात तो वाचून झाला की हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांनी संघटनेच्या लोकांसोबत तहसीलला किंवा कामगार अधिकाऱ्याकडे जाऊन तो देऊन पोच घ्या, पोचेवर आवक नंबर आणि शिक्का पडलाय का बघा, नुसत्या सहीवर येऊ नका. खर्चाचा हिशोब त्याच आठवड्यात चावडीवर लावा. ठरावाच्या वह्या बघायला फिराल तेव्हा मला कळवा, शिरपूर-चोपडा बाजूला मी सोबत येईन.